बरं वाटणं आणि बरं होणं

चोवीस मार्चला, जागतिक क्षयरोग दिनाच्या निमित्ताने, आमच्या तालुक्याच्या गावी एक कार्यक्रम झाला. मागे फ्लेक्स, पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पहिल्या दोन रांगांत मास्क लावून बसवलेले वीस-पंचवीस रुग्ण. प्रत्येकाच्या मांडीवर पोषण आहाराची पिशवी : तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, तेल. पहिले वक्ते योगशिक्षक होते. नामस्मरणाने आणि प्राणायामाने प्रतिकारशक्ती वाढते आणि ती वाढली की जंतूंचं काही चालत नाही, असं त्यांनी ठासून सांगितलं. दुसरे निवृत्त प्राध्यापक, जुने विवेकवादी कार्यकर्ते. माइक हातात येताच ते म्हणाले, जंतूला अभंग ऐकू येत नाही, त्याला रिफाम्पिसिनच कळतं. रिफाम्पिसिन म्हणजे क्षयावरचं मुख्य औषध. टाळ्या दोघांनाही पडल्या. मग वीस मिनिटं दोघं एकमेकांना उत्तरं देत राहिले. समोरच्या रांगांकडे माइक काही गेला नाही.

प्राध्यापक खरं बोलले आणि योगशिक्षक चुकीचं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको. तरीही माझ्या मते दोघांनीही त्या दिवशी विषय सोडूनच भाषण केलं, कारण दोघंही जंतूबद्दल बोलत होते. मराठीत आपल्याकडे ‘बरं होणं’ आणि ‘बरं वाटणं’ अशा दोन वेगळ्या क्रिया आहेत. श्रद्धेने, ध्यानाने, मनःशांतीने संसर्गाचा आजार बरा होत नाही. पण तो आजार अंगावर कसा येतो, दम किती लागतो, रात्री डोळ्याला डोळा लागतो का, सकाळची गोळी घशाखाली उतरते की नुसती पाकिटं बघूनच मळमळतं, यात माणसाच्या आतल्या आधाराचा मोठा वाटा असतो. म्हणून त्या आधाराची चौकशी करणं हे उपचारांचंच काम आहे, आणि ते दवाखान्यातच व्हायला हवं.

होणं आणि वाटणं यांत किती अंतर असू शकतं? २०११ साली अमेरिकेत दम्याच्या रुग्णांवर झालेला एक छोटासा अभ्यास मला यासाठी फार बोलका वाटतो. दमा संसर्गाचा नव्हे, पण दम लागणं तेच. त्याच रुग्णांना आळीपाळीने खरा इनहेलर, औषध नसलेला इनहेलर आणि खोटं अॅक्युपंक्चर दिलं गेलं. एकदा काहीच दिलं नाही. फुंकर मारून मोजलेली फुप्फुसाची क्षमता खऱ्या औषधाने सुमारे २० टक्के वाढली, बाकी सगळ्या वेळी जेमतेम ७ टक्के. पण ‘किती बरं वाटतंय?’ असं विचारल्यावर खऱ्या औषधाला ५० टक्के, खोट्या इनहेलरला ४५, खोट्या सुयांना ४६ आणि काहीच न दिल्यावर २१ असं उत्तर आलं. रुग्ण खोटं बोलत होते का? नाही. त्यांना खरोखरच बरं वाटलं होतं. धाप ही फुप्फुसात तयार होत असली तरी ती जाणवते मेंदूत. भीती वाटली की श्वास उथळ आणि भराभर होतो, त्याने धाप आणखी वाढते, धाप वाढली की भीती वाढते. या चक्रात कुणीतरी शेजारी बसलं, कुणी हात धरला, ओठांवर पाठ असलेला हरिपाठ आला, तर श्वास संथ होतो. यात चमत्कार काही नाही.

आता विरोधकांचा सगळ्यात जड मुद्दा. हा अभ्यास वाचून कुठलाही क्षयरोगतज्ज्ञ दचकेल, आणि त्याने दचकायलाच हवं. क्षयरोगात ‘बरं वाटणं’ हाच तर सगळ्यात मोठा धोका आहे. सहा महिन्यांच्या उपचारांत दोन महिन्यांतच ताप जातो, भूक लागते, वजन वाढतं आणि माणूस म्हणतो, झालो की बरा! जंतू मात्र आत शिल्लक असतात. गोळ्या मध्येच सुटल्या की त्यांतले चिवट जंतू माजतात, आणि पुढचा आजार रिफाम्पिसिनलाही दाद देत नाही. शिवाय तो एकट्याचा राहत नाही. घरात, चाळीत, लोकलच्या डब्यात पसरतो. कर्करोगाच्या रुग्णाने गोळ्या सोडून अंगारा लावला तर नुकसान त्याचं. क्षयरोग्याने तसं केलं तर शेजारच्या पोराचंही. मग ज्या गोष्टीने नुसतं बरं वाटतं, तिला दवाखान्यात जागा का द्यायची? ज्या राज्यात जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्य घालवलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला हत्या झाली, आणि त्यानंतरच तो कायदा आला, तिथे तर हा प्रश्न विचारणाऱ्याला हसण्यावारी नेता येणार नाही.

आणखीही दोन मुद्दे त्यांच्या पारड्यात आहेत. पहिला, आधी पोट. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना पुरेसं धान्य-डाळ दिल्यावर त्या घरांत नवा क्षयरोग होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटलं. एवढं कुठल्या प्रवचनाने होतं? सरकारने २०१८ साली रुग्णाला महिना ५०० रुपये द्यायला सुरुवात केली, ते १,००० व्हायला २०२४ उजाडलं. ज्याच्या घरी दूध नाही त्याला मनःशांती शिकवणं याला साध्या भाषेत थट्टा म्हणतात. दुसरा मुद्दा पुराव्याचा. ‘आध्यात्मिक स्वास्थ्य’ मोजायला जी प्रश्नावली जगभर वापरतात, तिच्या बारा प्रश्नांत ‘मला शांत वाटतं’ अशा धर्तीची विधानं असतात. ज्याला शांत वाटतं त्याला त्रास कमी जाणवतो, हा निष्कर्ष मग काढला काय आणि नाही काढला काय! कमी त्रास आहे म्हणून शांत वाटत असेल, हेही तितकंच शक्य आहे. आणि प्रार्थनेचा थेट परिणाम मोजायला गेलेला सगळ्यात मोठा प्रयोग, २००६ चा, बायपासच्या १,८०२ रुग्णांवरचा, तर उलटाच पडला : आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ज्यांना नक्की सांगितलं होतं, त्यांच्यातच गुंतागुंत जास्त, ५९ टक्के.

हे सगळं मला मान्य आहे. अगदी पूर्ण. पण या मुद्द्यांतून निष्कर्ष काय निघतो? आतल्या आधाराने जंतू मरतो असं म्हणू नका, एवढाच. रुग्णाला आतून काय होतंय ते विचारू नका, असा नाही निघत. उलट दोन महिन्यांनी गोळी सोडणाऱ्या माणसाचाच विचार करा. तो ‘बरं वाटतंय’ म्हणून सोडतो हे अर्धंच खरं. पुष्कळ जण सोडतात कारण गोळी घेणं म्हणजे रोज सकाळी ‘आपण रोगी आहोत’ याची नव्याने कबुली देणं असतं, गोळ्यांमुळे आलेला लघवीचा केशरी रंग पाहून घरातलं कुणी विचारेल याची धास्ती असते, लग्न ठरायचं असतं. ही शरम, हे अपराधीपण, हा एकटेपणा यांचं काय करायचं हे ज्या केंद्रात कुणी विचारत नाही, ते केंद्र गोळ्या मोजण्यातही हरतं.

संसर्गाच्या आजाराचं दुखणं इथे वेगळं पडतं, आणि ते ना योगशिक्षकांनी ओळखलं ना प्राध्यापकांनी. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६० च्या दशकात मरणासन्न रुग्णांबरोबर काम करताना ‘समग्र वेदना’ अशी कल्पना मांडली : शरीराची, मनाची, माणसांतली आणि आत्म्याची वेदना एकच असते, तुकडे करून औषध देता येत नाही. पण त्यांच्यासमोर होते बहुतेक कर्करोगाचे रुग्ण. त्यांचा मोठा प्रश्न ‘मी का? आणि पुढे काय?’ असा. क्षयरोगाच्या, कुष्ठाच्या, एचआयव्हीच्या रुग्णाला मरणाआधीच दुसरा प्रश्न खातो : माझ्यामुळे कुणाला होईल का? ज्या हातांनी मुलाला भरवायचं तेच हात त्याला परके होतात. आपल्या संस्कृतीत स्पर्श म्हणजे काय काय असतं ते सांगायला नको. आणि स्पर्श काढून घेणं म्हणजे काय, ते तर या महाराष्ट्राला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

आमच्या एका काकांना तीसेक वर्षांपूर्वी क्षय झाला. घरात पखवाज वाजवणारे, गावच्या भजनी मंडळाचे आधार. काकूंनी त्यांचं ताट वेगळं केलं. ओळखू यावं म्हणून ताटाच्या काठाला लाल नेलपेंटचा ठिपका लावला. काकूंचा राग नव्हता हो, तिची दोन लहान मुलं होती. काका स्वतःच मग भजनाला जायचे थांबले. ‘गर्दीत खोकला येतो, कुणी उठून जायला नको,’ म्हणायचे. पखवाजाला रात्री कणीक लावायची ती बंद झाली. त्या महिन्यांत त्यांची मुख्य तक्रार छातीची नव्हती. झोप नाही, हातपाय गळतात, अन्नाला चव नाही, अशी होती. डॉक्टरांनी थुंकी तपासली, वजन पाहिलं, गोळ्या वाढवून दिल्या. थुंकी स्वच्छ आली, कार्डावर ‘बरा’ असा शिक्का पडला. ते लाल ठिपक्याचं ताट पुढे दोन-अडीच वर्षं मांडणीवर वेगळंच उपडं असायचं.

त्या ताटाची वैद्यकीय गरज किती होती? शून्य. क्षयाचा जंतू खोकल्यातून, हवेतून जातो, ताटावाटीतून जात नाही. आणि हे काही कालचं शहाणपण नव्हे. एके काळी क्षयावर उपाय म्हणजे सॅनेटोरियम : मोकळी हवा, सकस अन्न, सक्तीची विश्रांती, मनाची शांती. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीला मिशनने असं आरोग्यधाम चालवलं होतं. मद्रासमध्ये १९५० च्या दशकात संशोधकांनी १९३ गरीब रुग्णांचे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपापल्या खुराड्यात, अपुरं खात, काम करत. गोळ्या दोघांना त्याच. १९५९ साली निष्कर्ष आले : दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले, आणि घरी राहिलेल्यांमुळे घरच्यांना आजार जास्त झाला असंही दिसलं नाही. योगशिक्षकांनी यातलं पहिलं वाक्य ऐकावं : शांतीने जंतू मेला नाही, गोळीने मेला. पण प्राध्यापकांनी आणि आपण सगळ्यांनी दुसरंही ऐकावं. उपचार सुरू झालेल्या माणसाला घरातून, पंगतीतून, भजनातून तोडण्याला विज्ञानाचा आधार तेव्हाच संपला होता. तरी आपण ताटावर ठिपके लावत राहिलो. मग सांगा, इथे अंधश्रद्ध कोण होतं?

‘अध्यात्म’ हा शब्द मलाही खुपतो. तो उच्चारला की लगेच गुरू, ग्रंथ आणि दानपेटी मागून येतात. जागतिक आरोग्य सभेने १९८४ साली आरोग्याच्या आध्यात्मिक अंगाचा विचार करावा असा ठराव केला, पण १९४८ ची शरीर-मन-समाज ही व्याख्या आजही जशीच्या तशी आहे. तो शब्द आत घ्यायचं धाडस झालं नाही, आणि एका अर्थी बरंच झालं. आपल्याकडे त्यापेक्षा नेमका प्रश्न आहे : तुमचा जीव कशात आहे? कुणाचा पंढरीत असेल, कुणाचा नमाजाच्या रांगेत, कुणाचा बुद्धवंदनेत. इचलकरंजीच्या एखाद्या कामगाराचा तो मागावर परत उभं राहण्यात असेल, नास्तिकाचा त्याच्या मुलीच्या दहावीत. सावित्रीबाई फुल्यांनी १८९७ च्या प्लेगात आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं आणि १० मार्चला त्या स्वतः प्लेगने गेल्या. त्यांना हे करायला कुठलं देऊळ लागलं नव्हतं. त्याच पुण्यात, त्याच महिन्यांत, रँडच्या हाताखालचे गोरे शिपाई घराघरांत, पार देवघरापर्यंत शिरून रोगी हुडकत होते. हेतू रोग थांबवण्याचाच होता ना? आणि झालं काय? लोक रोगी लपवू लागले. माणसाला ज्याचा आधार वाटतो ते पायदळी तुडवलं की साथीचं कामही बिघडतं, हे सरकारला जून महिन्यात रँडवर गोळ्या झाडल्या जाईपर्यंत कळलं नाही.

इथे एक उलटा धोका आहे, आणि त्याबद्दल अध्यात्मवाले कधीच बोलत नाहीत. आजाराला अर्थ देणं नेहमी हिताचं नसतं. ‘भोग आहेत’, ‘मागच्या जन्मीचं’, ‘काहीतरी केलं असणार’ हेही अर्थच आहेत. आपण कुष्ठाला ‘महारोग’ म्हणत आलो आणि त्याला पापाचं फळ मानत आलो. अमेरिकेत एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या काही अभ्यासांचा दाखला देऊन भाविकांची तब्येत चांगली राहते असं हल्ली सांगतात. त्यांतलंच दुसरं निरीक्षण मात्र गाळतात, की देव आपल्याला शिक्षा देतोय असं मानणाऱ्यांची तब्येत जास्त घसरली. जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं, तेव्हा रवींद्रनाथांनी जाहीर हरकत घेतली, आणि माझ्या मते ती शंभर टक्के बरोबर होती. पण त्याच गांधीजींनी पुढे सेवाग्रामला कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींना आश्रमाशेजारी ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हाताने त्यांना मालीश केलं. खात्रीचं औषध तेव्हा हातात नव्हतं. पाप-पुण्याचा हिशोब मांडणारं आध्यात्मिक आणि तेल लावणारा हातही आध्यात्मिक? दवाखान्यात मला हवंय ते दुसरं. पहिल्याला दाराबाहेर ठेवायचं तर आधी ते रुग्णाच्या मनात आहे का हे विचारावं लागेल.

आणि विचारणारा वैद्यकातलाच हवा, याचं कारण साधं आहे : मनाचं काय नि गोळीचं काय, हे बाहेरच्याला कळत नाही. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाची नवी औषधं सुरू केल्यावर अंथरुणाला खिळलेले रुग्ण वॉर्डात नाचू लागले, फुप्फुसं सुधारण्याच्या आधीच. त्यांतलं एक औषध, इप्रोनियाझिड, पुढे नैराश्यावर वापरलं गेलं. याच्या उलट, औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात देतात त्या सायक्लोसेरिनने चांगला माणूस खचतो, त्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. ‘मला आता कशातच राम वाटत नाही’ असं म्हणणाऱ्या अशा रुग्णाला कीर्तनाला पाठवणं हा गुन्हा आहे. त्याची गोळी बदलायला हवी. बुवाला हे कसं समजणार?

तर मग हे करायचं कुणी? आशाताईंनी? त्यांच्या रजिस्टरांचा ढीग पाहिलेला कुणीही आणखी एक रकाना सुचवायला धजणार नाही, मीही नाही. पण सरकारच्या क्षयरोग कार्यक्रमात ‘टीबी चॅम्पियन’ म्हणून आधीच बरे झालेले रुग्ण आहेत. सध्या बहुतेक ठिकाणी त्यांना फोटोपुरतं उभं करतात. ज्याने स्वतः ठिपक्याच्या ताटात सहा महिने जेवलंय, त्याला महिन्यातून एकदा नव्या रुग्णाशेजारी दहा मिनिटं बसवा. तुमचा जीव कशात आहे, आणि या आजारात सगळ्यात जास्त काय खुपतं, एवढे दोनच प्रश्न. उत्तर ‘पैसे’ असेल तर अडलेल्या पोषण अनुदानाच्या मागे लागायचं, ‘भजन’ असेल तर मंडळाच्या म्होरक्याला जाऊन सांगायचं की यांची थुंकी स्वच्छ आली आहे, ‘काही नको वाटतं’ असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. उपचार संपल्यावरही हे लागतं. जंतू गेल्यावर फुप्फुसात वण राहतात आणि कित्येकांना जिना चढताना दम लागतच राहतो. ‘निक्षय’ या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदीत ते ‘बरे’ असतात. त्यांना बरं वाटत नाही, त्याला नोंदीत जागा नाही. कुष्ठाचं उदाहरण तर समोरच आहे. तिथे प्रभावी बहुऔषधी उपचार १९८२ पासून मिळू लागले, पण कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून काढायला २०१९ उजाडलं. जंतू गेल्यावरही सदतीस वर्षं कायदा त्या माणसांना ‘रोगी’ म्हणत होता.

कार्यक्रम संपला, फ्लेक्ससमोर फोटो झाले. योगशिक्षक आणि प्राध्यापक एकाच गाडीतून गेले. वाद बहुधा पुढे चालूच असणार. मी रिक्षाच्या रांगेत उभा होतो. पहिल्या रांगेतली एक पोरगेलीशी बाई डाळ-तेलाची पिशवी छातीशी धरून आशाताईंना हळूच विचारत होती, ‘ताई, ताट अजून वेगळंच ठेवायचं का?’

‘कशाला? भांड्यानं होत नाही हा. चार महिने झाले ना गोळ्यांना? थुंकीही चांगली आलीय. जेवा सगळ्यांसोबत. फक्त खोकताना पदर धरा तोंडाला.’

बाईने मास्क जरा खाली घेतला. ‘मग एकदा घरी याल का? माझ्या सासूबाईंना सांगायला?’